जुन्या शेव्हरलेतला फायबर लाइट मॉनिटर पुन्हा उजळवताना

१९६८ ते १९७१ या चार वर्षांतल्या शेव्हरले कॉर्व्हेटच्या मधल्या कन्सोलवर ठिपक्यांएवढ्या लेन्सचा एक छोटा गट असतो. डावा-उजवा हेडलॅम्प, पुढचे पार्किंग-इंडिकेटर, मागचे टेललॅम्प आणि नंबरप्लेटचा दिवा, अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र ठिपका. बाहेरचा दिवा पेटला की त्याचा ठिपका उजळतो, बाहेरचा बल्ब गेला की ठिपका काळाच राहतो. कॉर्व्हेटमध्ये ही सोय सगळ्याच गाड्यांना होती आणि १९७२ च्या मॉडेलपासून ती काढून टाकली गेली. शेव्हरलेच्या इतर गाड्यांत, अगदी १९६९ च्या कमारोतही, हाच प्रकार यू-४६ या कोडखाली जादा पैसे मोजून मिळत असे. तिथे पुढचे ठिपके फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) माथ्यावर बसवलेल्या छोट्या घरांत, म्हणजे कवचांत, असतात आणि मागचे आतल्या बाजूला, मागच्या काचेजवळ, आरशात दिसतील असे. घेणारे मोजकेच होते. ज्यांनी घेतली त्यांच्याही गाडीचा फेंडर कधी बदलला, की नव्या फेंडरला ना भोक असे ना घर, आणि फायबर कापून टाकले जाई. आज चालू अवस्थेतला यू-४६ क्वचित दिसतो तो त्यामुळे.

काम हाती घेण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. या ठिपक्यांमागे बल्ब नाही, तार नाही, फ्यूज नाही. बाहेरच्या दिव्याच्या घरात प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंच्या दोरीचं एक टोक घुसवलेलं असतं. त्या टोकात शिरलेला उजेड दोरीतून वाहत थेट लेन्सपर्यंत येतो. म्हणून इथे मल्टिमीटरपेक्षा टॉर्च जास्त उपयोगी पडतो. काम बिघडतं ते बहुतेक वेळा नवखा मेकॅनिक फायबरला वायरसारखं वागवतो म्हणून: वायरसारखं कापतो, वायरसारखं वाकवतो, वायरसारखं जोडतो.

आधी खात्री: ही सोय तुमच्या गाडीत मुळात होती का

कॉर्व्हेटमध्ये हा प्रश्न येत नाही. कमारोसारख्या गाडीत मात्र येतो आणि फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यावरचा) ट्रिम टॅग, म्हणजे कारखान्याचे कोड असलेली पट्टी, इथे मदत करत नाही, १९६९ च्या टॅगवर यू-४६ लिहिलेलं नसतं. पुरावा मिळतो तो बिल्ड शीटवर, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेल्या कारखान्याच्या कागदावर. हा कागद सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर अडकलेला सापडतो. कागद नसेल तर गाडीलाच विचारा: फेंडरच्या माथ्याला आतून चाचपून बुजवलेली भोकं आहेत का पाहा, टेललॅम्पच्या घराला बल्बहोल्डरखेरीज आणखी एक छोटं गोल छिद्र आहे का पाहा. वायरिंगच्या जुडग्यात गुळगुळीत काळी, आत तांबं नसलेली दोरी कुठे कापून सोडलेली दिसली तर शंकेला जागा उरत नाही.

उघडण्याआधीची तपासणी

गाडी अंधाऱ्या गॅरेजमध्ये घ्या. दिवसा उघड्यावर ही तपासणी करू नका, कारण फायबर दोन्ही दिशांनी उजेड नेतं. टेललॅम्पवर ऊन पडलं तर सगळे स्विच बंद असतानाही कन्सोलवरचा लाल ठिपका मंद उजळतो आणि तुम्ही नसलेल्या शॉर्टसर्किटच्या मागे लागता.

कागदावर प्रत्येक ठिपक्याची ओळ आखा. मग पार्किंग, हेडलॅम्प, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर आणि ब्रेक एकेक करून लावा आणि कोणता ठिपका झकास, कोणता मंद, कोणता काळा ते लिहा. टेललॅम्पच्या ११५७ बल्बच्या आत उजळणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असतात: टेलची तार साधारण ८ वॅटची, ब्रेक-इंडिकेटरची २७ वॅटची. त्यामुळे पार्किंगला ठिपका मंद आणि ब्रेकला ठसठशीत दिसणं हे योग्यच आहे. तो फरक दिसलाच पाहिजे.

ठिपका मंद असेल तर फायबरला दोष देण्याआधी बाहेर जाऊन दिवा पाहा. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आहे, तिच्यातून अर्थिंग मिळत नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार असते आणि पन्नास वर्षांनी तिचं टोक हिरवं पडलेलं असतं. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बल्बहोल्डरच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे, आधी ती घासून नीट करा. बल्बही काढून बघा: जुन्या बल्बची काच आतून काळसर होते आणि तो पेटतो तरी निम्माच उजेड देतो. नवे बल्ब घालून आणि अर्थ साफ करून ठिपके ठणठणीत झाले, तर पुढचं काहीच उघडायची गरज नाही.

दिवा व्यवस्थित आणि ठिपका तरी काळा, तर टॉर्चची पाळी. दिव्याकडचं फायबरचं टोक हलकेच बाहेर काढा, त्यावर प्रखर टॉर्च टेकवा आणि सहकाऱ्याला कन्सोलवर बघायला सांगा. ठिपका उजळला, तर फायबर जिवंत आहे. टोक नीट बसलेलं नव्हतं, तोंडावर धूळ होती किंवा ते बल्बकडे पाहत नव्हतं. उजळला नाही, तर अंधारात पूर्ण दोरी तपासा: आवरण फाटून तंतू मोडले असतील तिथून उजेड बाहेर सांडताना दिसतो.

फायबर मरतं कशाने

हा भाग समजला की पुढचे अर्धे घोटाळे टळतात.

हे तंतू अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे पीएमएमएचे असतात. ७० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या सततच्या उष्णतेपर्यंत ते सुखाने राहतात. शंभरीच्या पुढे मऊ पडतात. बल्बच्या फार जवळ गेलेलं टोक तपकिरी होतं, फुगतं, आणि मग उजेड आत शिरतच नाही. हा सगळ्यात नेहमीचा दोष. एक्झॉस्टजवळून गेलेल्या दोरीचं मधेच तसं होतं.

दुसरा शत्रू म्हणजे वाकण. तंतूत उजेड आतल्या भिंतींवर आदळत, परतत पुढे जातो. वळण फार आखूड झालं की तो भिंतीतून बाहेर निसटतो. एकाच जाड तंतूच्या दोरीला तिच्या जाडीच्या निदान वीस ते पंचवीस पट त्रिज्येचं वळण द्यावं लागतं, म्हणजे २ मिलिमीटरच्या तंतूला ४० ते ५० मिलिमीटर. अनेक बारीक तंतूंची दोरी यापेक्षा बरीच जास्त वळते. मूळ दोरी अशीच आहे आणि कॉर्व्हेटच्या वर-खाली होणाऱ्या हेडलॅम्पजवळ तीच टिकते.

तिसरा शत्रू गॅरेजच्या फळीवरच असतो. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन आणि ब्रेक क्लीनर यांनी अ‍ॅक्रिलिकला बारीक भेगा पडून ते पांढुरकं होतं. सुपरग्लूची वाफसुद्धा टोकावर धुकं धरते. साफसफाईला कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ सुती कापड एवढंच वापरा.

सामान

कॉर्व्हेटसाठी नव्याने बनवलेले फायबरचे संच मिळतात. पैसे असतील तर तेच घ्या, पण नेमकं वर्ष सांगून. १९६८ मध्ये रिव्हर्सचे दिवे बंपरखाली वेगळे होते, १९६९ मध्ये ते आतल्या टेललॅम्पच्या जोडीत आले, आणि १९७० ला पुढचे पार्किंग दिवे बदलले. एका वर्षाचा संच दुसऱ्याला जसाच्या तसा बसेल असं धरू नका. जुना, पॅकबंद, न वापरलेला मूळ संच मिळाला तर आनंदाने हुरळू नका: तो डब्यातही तेवढीच वर्षं म्हातारा झालेला आहे. विकत घेण्याआधी टॉर्च लावून बघा आणि दोरी कडक लागते का ते हलकेच वळवून पाहा.

स्वतः दोरी बनवणार असाल तर पुढचं लागेल:

- काळ्या आवरणाची, अनेक तंतूंची पीएमएमए दोरी. जुन्या दोरीची बाहेरची जाडी व्हर्नियरने मोजून त्याच मापाची. कॉर्व्हेटला एका ओळीला (एका ठिपक्याच्या दोरीला) तीन-साडेतीन मीटर धरून सगळ्या ओळींचा हिशोब करा आणि वर दहा टक्के घ्या.
- पितळी नळीचे १२ मिलिमीटरचे तुकडे, एका ओळीला दोन.
- सावकाश वाळणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत वाळणारं नको, ते तापतं आणि पुढे पिवळं पडतं.
- एका बाजूच्या धारेची दाढीची ब्लेड, दहा तरी. प्रत्येक दोन कापांना नवं.
- ६००, १००० आणि २००० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर, शिवाय प्लॅस्टिक पॉलिशची छोटी ट्यूब.
- रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग), वायरिंगवर गुंडाळायची कापडी पट्टी, दहा मीटर नायलॉनची सुतळी, चिठ्ठ्या.
- दिव्यांचे नवे ११५७ बल्ब.

काळं आवरण अनिवार्य आहे. उघडा पारदर्शक तंतू स्वस्त मिळतो, पण तो शेजारच्या ओळीतला उजेड पिऊन घेतो आणि मग डावा इंडिकेटर उजव्या ठिपक्यातही लुकलुकतो.

जुनं काढणं

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. फायबरमध्ये वीज नसली तरी कन्सोलखाली आणि दिव्यांत आहे.

थंडीत हे काम करू नका. अमेरिकेत उत्तरेकडे राहणाऱ्यांसाठी ही सूचना खास आहे: पंधरा अंशांखाली जुनं प्लॅस्टिक काडीसारखं मोडतं. गाडी आतून उबदार करा. हट्टी जागी केस वाळवायचा ड्रायर सौम्य वेगावर चालेल, हीटगन चालणार नाही.

कन्सोलची पट्टी सोडवा, पण उचकटून वर ओढू नका. फायबर लांबीला जेमतेम असतं आणि झटक्यात, लेन्समागे दोऱ्यांची टोकं धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यातून निसटतं. पट्टी थोडी उचलून आधी फोटो घ्या. मग प्रत्येक दोरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा: "डा. हेडलॅम्प", "उ. बाहेरचा टेल" अशी स्पष्ट. सगळ्या दोऱ्या काळ्या आणि सारख्या असतात. चिठ्ठी नसेल तर शेवटी नेमके डावे-उजवे अदलाबदल होतात.

दोरी गाडीतून ओढून काढण्याआधी तिच्या मागच्या टोकाला नायलॉनची सुतळी बांधा. दोरी बाहेर येईल तशी सुतळी तिच्या मार्गात राहील आणि नवी दोरी त्याच वाटेने परत नेता येईल. ही एक युक्ती दिवसभराची मेहनत वाचवते. काढलेली दोरी लगेच फेकू नका. ती लांबीचं माप आहे.

कापणं आणि तोंड घासणं

ठिपका ठसठशीत की मरगळलेला, हे इथे ठरतं.

कटर, पकड किंवा कात्री वापरू नका. ती तंतू कापण्याआधी चिरडतात आणि चिरडलेलं तोंड उजेड सगळीकडे उधळतं. कठीण, सपाट फळीवर दोरी ठेवा आणि नव्या ब्लेडने काटकोनात, सरळ खाली, एकाच दाबात कापा. करवतीसारखं पुढे-मागे नको.

मग टोकाचं आवरण नळीच्या लांबीपेक्षा थोडं जास्त सोलून तंतूंवर पितळी नळीचा तुकडा सरकवा. तंतू नळीच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर राहू द्या, इपॉक्सीचा थेंब सोडा आणि चोवीस तास हलवू नका. घाईत घासायला घेतलं तर तंतू आत सरकतात. वाळल्यावर काचेच्या तुकड्यावर ६०० चा ओला पेपर ठेवा आणि टोक काटकोनात धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. तोंड नळीशी समतल झालं की १०००, मग २०००, शेवटी कापडावर पॉलिश. प्रत्येक टप्प्याआधी टोक धुवा, नाहीतर आधीच्या पेपरचा खर पुढच्या टप्प्यात ओरखडे काढत राहतो. भिंगातून तोंड काचेसारखं दिसलं पाहिजे.

चांगल्या पीएमएमएत मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल उजेड घटतो, म्हणजे पाच मीटरला साधारण पाचवा हिस्सा. एवढी घट परवडते. मधे जोड दिला की मात्र प्रत्येक जोडाला दोन नवी तोंडं येतात आणि जरा जरी तिरकस बसली तरी निम्मा उजेड तिथेच जातो. म्हणून मोडलेली दोरी जोडू नका, पूर्ण बदला. जोड झाकायला गरम करून आवळायची नळी लावणं तर सरळसरळ नुकसान आहे: ती ज्या तापमानाला आवळते त्याला आतले तंतू वितळायला लागतात.

नवी वाट

माप घेताना जुन्या दोरीपेक्षा १५० मिलिमीटर जास्त ठेवा. सुतळीने ओढताना दोघे हवेत: एकजण हलकेच ओढणारा, दुसरा मागून पुरवणारा. अडकली तर जोर लावू नका, थोडी मागे घ्या.

एक्झॉस्टपासून निदान १५० मिलिमीटर लांब. पत्र्यातून किंवा फायबरग्लासमधून जाताना प्रत्येक भोकाला ग्रोमेट. प्लॅस्टिकचे टाय कचकचून आवळू नका. दाबलेल्या जागी तंतूंना सूक्ष्म वाकणं येतात आणि बाहेरून काही दिसत नसताना उजेड गळतो. टाय इतका सैल हवा की दोरी त्यातून सरकेल. कापडी पट्टी त्याहून बरी.

कॉर्व्हेटच्या हेडलॅम्पजवळ दोरीला मोकळा वळसा ठेवा. दिवा पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना, दोन्ही स्थितींत वळसा कुठे ताणला, चिमटला किंवा घासला जात नाही ना हे पाहा. हे दिवे व्हॅक्युमवर हलतात आणि इंजिन बंद असलं तरी टाकीत व्हॅक्युम साठलेलं असतं, त्यामुळे दिवा अचानक हलू शकतो. हात आत घालण्याआधी अ‍ॅक्च्युएटरची (दिवा हलवणाऱ्या भागाची) व्हॅक्युमची नळी काढून ठेवा.

यू-४६ मध्ये फेंडर नवा असेल तर भोकं पाडावी लागतील. जागा अंदाजाने ठरवू नका. मूळ फेंडर असलेल्या गाडीवरून पुठ्ठ्याचा साचा काढा. भोकं प्रायमरनंतर आणि रंगाआधी पाडा, कडांना गंजरोधक लावा. रंग झाल्यावर पाडलं तर रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात, किंवा अमेरिकेत रस्त्यांवर मीठ टाकतात त्या हिवाळ्यात, कड फुगते.

दिव्याकडचं टोक

फायबर सगळीकडून येणारा उजेड घेत नाही. तोंडासमोर साधारण साठ अंशांच्या शंकूत जे येतं तेवढंच आत जातं. म्हणून टोक बल्बच्या तारेकडे रोखलेलं हवं, घराच्या भिंतीकडे नाही. मूळ छिद्रात मूळ खोलीपर्यंतच घाला. जास्त उजेड मिळेल म्हणून आत ढकललेलं टोक काही आठवड्यांत तपकिरी होतं. ६ ते १० मिलिमीटरचं अंतर बल्बच्या काचेपासून राहू द्या. हेडलॅम्पमध्ये मूळ सीलबंद दिव्याऐवजी जास्त वॅटचे हॅलोजन बसवले असतील तर अंतर वाढवा.

छिद्राभोवतीचं रबर गेलं असेल तर पाणी घरात शिरतं आणि होल्डर गंजतो. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं. आंबट वासाचं सिलिकॉन होल्डरचा पत्रा खातं.

एलईडी बल्बबद्दल प्रश्न हमखास येतो. बहुतेक एलईडी सगळा उजेड पुढे फेकतात, बाजूला किंवा मागे असलेल्या फायबरला काहीच मिळत नाही. दिवा बाहेरून लखलखतो आणि ठिपका काळा. एलईडी हवेच असतील तर चारही बाजूंनी उजेड देणारे घ्या, लाल लेन्समागे लाल आणि पिवळ्यामागे पिवळे. आमचा सल्ला मात्र ११५७ चाच आहे. ही यंत्रणा त्या बल्बभोवती आखलेली आहे.

कन्सोलकडचं टोक

लेन्स साबणाच्या पाण्याने धुवा. रंगीत फिल्टर फिकट पडले असतील तर बदला. प्रत्येक टोक ठोकळ्यातल्या भोकात तळापर्यंत बसलं पाहिजे; अर्धवट बसलं की उजेड शेजारच्या भोकात सांडतो. भोक सैल असेल तर टोकावर काळ्या कापडी पट्टीचा एक फेरा द्या, गोंद नको.

कुणी सुचवेल की फायबरचा खटाटोप सोडा, लेन्समागे छोटा एलईडी लावून हेडलॅम्पच्या वायरला जोडा, दिसायला सारखंच. हे करू नका. तो एलईडी सर्किटमध्ये वीज आहे एवढंच सांगतो. बाहेरचा बल्ब उडालेला असतानाही तो ऐटीत जळत राहील आणि चालकाला खोटं सांगेल. मूळ ठिपका बाहेरच्या दिव्याचाच उजेड दाखवतो, म्हणून तो खोटं बोलू शकत नाही. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या तपासणीला गाडी न्यायची असेल तर हा जुगाड तिथेही पकडला जाईल.

जोडल्यावर

कन्सोल बंद करण्याआधी पुन्हा अंधार करा आणि सुरुवातीचा कागद समोर घ्या. एकेक बल्ब होल्डरमधून काढत जा. फक्त त्याचाच ठिपका विझला पाहिजे. दुसरा विझला तर चिठ्ठ्या चुकल्या. दोन विझले तर एक दिवा दोघांना उजेड पुरवतोय, म्हणजे ठोकळ्यात गळती आहे. सगळे बरोबर असून एकच मंद असेल तर क्रम असा: बल्ब, अर्थ, दिव्याकडच्या टोकाचा रोख, मग वाटेतलं एखादं आखूड वळण. तोंड पुन्हा घासायला सगळ्यात शेवटी घ्या.

मग गाडी अर्धा तास रात्री चालवा, हेडलॅम्प लावून, आणि परत येऊन दिव्याकडची टोकं काढून बघा. रंग बदललेला नसेल तर अंतर बरोबर आहे. किंचित पिवळसर झाक दिसली तर टोक दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि तोंड २००० च्या पेपरवर एकदा फिरवा.

दिवसा उन्हात ठिपके जवळजवळ दिसत नाहीत. त्यासाठी काही दुरुस्त करायचं नाही, ते रात्रीसाठीच आहेत.